तो भाला नव्हता

भालाधारी सायकलस्वाराचा बाजारपेठेत धुमाकूळ
*('ऑल्डरबी क्लॅरियन', पान पहिलं, फोटोसह)*

सगळ्यात आधी भाल्याचं बोलू. ती दांडी होती. माणसाहून उंच, टोकाला परातीएवढी गोल पिवळी पाटी, आणि पाटीवर ठळक अक्षरांत 'थांबा – मुलं'. भाल्यावर असं काही लिहिलेलं नसतं. भाला बाळगणाऱ्यांचा हेतूच निराळा असतो.

मी लेनर्ड थ्वेट. चर्च लेनवरच्या शाळेसमोर सकाळ-दुपार उभा राहतो आणि मुलांना रस्ता पार करून देतो. दांडी आणि पाटी मिळून जे दिसतं त्यावरून आम्हाला लॉलीपॉपवाले म्हणतात. हुद्दा ऐकायला हलका वाटतो, कबूल. पण विटांनी भरलेला ट्रक नुसता हात वर करून थांबवेल असा दुसरा माणूस ऑल्डरबीत दाखवा. आमच्या महापौरांनी एकदा बस थांबवून पाहिली होती. ती पुढच्या स्टॉपवर थांबली.

आता ही दांडी सायकलवर का, तर उंटामुळे. दांडी शाळेच्या कपाटात असायची. पण नाताळच्या नाटकासाठी मुलांनी कागदाच्या लगद्याचा उंट केला, आणि तो कपाटात शिरला तो पुन्हा बाहेर येईना. मुख्याध्यापिका मिसेस अडेयेमी म्हणाल्या, "थ्वेट, एक तर कपाट फोडावं लागेल, नाहीतर उंट. तोवर दांडी घरी न्याल का?" नेली. घरापासून शाळेपर्यंत मोटार नेण्यात अर्थ नव्हता, कारण शाळेसमोर सकाळी एवढ्या मोटारी उभ्या असतात की मुलांना शाळा दिसत नाही. म्हणून सायकल. दांडी सायकलच्या आडव्या नळीला बांधायची, पाटी माझ्या पाठीमागे, दुसरं टोक हँडलच्या पुढे हातभर बाहेर.

"लेन," आमची ग्लेनिस फाटकातून म्हणाली, "तू कुणावर तरी चाल करून निघाल्यासारखा दिसतोस."

मी दुर्लक्ष केलं. लग्नाला एवढी वर्षं झाली की दुर्लक्ष करणं हाही संवादाचाच एक प्रकार होतो.

बाजारपेठेत बेकरीसमोर मिसेस टॅप यांची छोटी निळी मोटार उभी होती. मिसेस टॅप म्हणजे चर्चमध्ये फुलं मांडतात त्या, वयाने माझ्या आईच्या जवळच्या. त्यांनी दार उघडलं. दाराची काच खाली होती. दांडीचं टोक काचेच्या जागेतून आत गेलं आणि थांबलं. दांडी थांबल्यावर सायकल थांबली. मला कुणी कळवलं नाही. मी तसाच पुढे भाजीवाल्याच्या मांडणीपर्यंत गेलो.

अंगात माझा सरकारी कोट होता. हा कोट इतका पिवळा आहे की ग्लेनिस तो कपाटात ठेवू देत नाही, झोप लागत नाही म्हणते. आणि मिसेस टॅप छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई! दिसलासच नाहीस रे बदका!"

बदका असं आमच्याकडे लाडाने म्हणतात. त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

आणि मी म्हणालो, "सॉरी."

सायकलस्वाराकडून गुन्ह्याची कबुली
*('क्लॅरियन', त्याच दिवशीची संध्याकाळची बातमी)*

इथे जरा थांबलं पाहिजे. सॉरी हा शब्द आम्ही माफीसाठी वापरत नाही. खरी माफी मागायची वेळ आली तर आम्ही गाव सोडून जातो. सॉरी म्हणजे 'मी इथे आहे, माझी अडचण होत नाही ना'. कुणी आपल्या पायावर पाय दिला तर सॉरी आपण म्हणायचं. पाय तिथे ठेवल्याबद्दल. माझे वडील दारावर आपटले की दाराला सॉरी म्हणत. त्या दिवशी मी मिसेस टॅपना सॉरी म्हणालो, भाजीवाल्याला म्हणालो, आणि बेकरीच्या रांगेतल्या कुणीतरी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत स्वच्छ ऐकू येतं की एका भाजीच्या गड्ड्यालाही म्हणालो.

दुपारी 'क्लॅरियन'ची वार्ताहर जेड हिचा फोन आला. गोड मुलगी. मी शाळेसमोर उभा राहायला लागलो तेव्हा तिला रस्ता पार करून दिलाय.

"मिस्टर थ्वेट, तुम्ही सॉरी म्हणालात हे खरं का?"

"अर्थात. म्हणजे काय!"

"मग चूक तुमची होती?"

"सॉरी?" मी म्हणालो. मला नीट ऐकू आलं नव्हतं.

"थँक्यू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आमच्याकडून झालेली चूक
*('क्लॅरियन', पान एकोणीस, खालचा कोपरा)*

शेजारचा रॉजर पिंडर विमा कंपनीत होता. कुंपणावरून तो सल्ला देतो आणि कुंपण दरवर्षी थोडं माझ्या बाजूला कलतं.

"लेका, तू बोललासच का?" तो म्हणाला. "अपघात झाला की तोंड मिटायचं. दात पडले असले तरी."

"अरे पण बाई घाबरल्या होत्या."

"मग त्यांना घाबरू द्यायचं! घाबरलेला माणूस सॉरी म्हणतो. तू त्यांच्या तोंडातला घास काढून घेतलास." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "हेल्मेट होतं का?"

"होतं."

"तेच चुकलं. हेल्मेट घातलं की लोकांना वाटतं, याला सवय आहे."

समोरच्या मिसेस ओकशॉट यांचं मत होतं की मी आणखी पिवळं काहीतरी घालायला हवं होतं. याहून पिवळं काय असतं ते त्यांना सांगता आलं नाही, पण बहीण लीड्सला असते, तिला विचारते म्हणाल्या.

मी 'क्लॅरियन'च्या कचेरीत गेलो आणि सभ्यपणे सांगितलं की दुरुस्ती छापा. त्यांनी छापली. ती अशी: 'गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की श्री. थ्वेट यांनी फ्लॉवरचे गड्डे चिरडले. प्रत्यक्षात ती ब्रोकोली होती. वाचकांना झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत.'

त्यावर वाचकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सायकलवाले लाल दिवा पाळत नाहीत. सायकलवाले रस्त्याचा कर भरत नाहीत. एका गृहस्थांनी सायकलवाल्यांच्या तंग चड्ड्यांबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. मी कोर्डरॉयची पँट घालतो. कर म्हणाल तर माझी मोटार दारात उभी आहे आणि तिचा कर भरलेला आहे. मी सायकलवर असतो तेव्हा ती मोटार रस्त्यावर नसते, म्हणजे मी रस्त्याला एका परीने देणगीच देतो. हे मी लिहून पाठवलं. संपादकांनी जागेअभावी त्यातलं 'मोटार रस्त्यावर नसते' एवढंच काढलं आणि बाकीचं छापलं.

'आज सकाळी, बेझिल क्रॅबट्रीबरोबर': श्रोत्यांचे फोन

बेझिल क्रॅबट्री 'क्लॅरियन'मध्ये 'स्टिअरिंगमागून' नावाचं सदर लिहितो आणि रोज सकाळी गावच्या रेडिओवर बोलतो. म्हणजे सकाळी जे बोलतो ते शुक्रवारी छापून येतं, आणि छापून आलं म्हणून सोमवारी त्यावर पुन्हा बोलतो. हा उद्योग बाहेरून काही न घेता चालतो.

ग्लेनिस नको नको म्हणत असताना मी फोन लावला.

"तर मंडळी, साक्षात भालदार आपल्या सोबत आहेत! बोला थ्वेट. तुम्ही लोक दोघं-दोघं शेजारून का चालवता?"

"मी एकटा होतो."

"असं सगळेच म्हणतात. ट्रेव्हर, तुम्ही लाइनवर आहात."

ट्रेव्हर म्हणाला, "परवा मी तासभर दोघांच्या मागे अडकलो होतो."

"ऐकलंत थ्वेट? काय म्हणणं आहे तुमचं?"

"पण तो मी नव्हतो."

"एक तरी सायकलवाला सांगा जो म्हणेल की तो मीच होतो!" क्रॅबट्री गरजला. मी विचारात पडलो. मुद्द्यात काहीतरी दम होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या फोनवरून ग्लेनिस लाइनवर आली. एकाच घरातून दोघं जण रेडिओवर बोलतोय हे मला तिचा आवाज दोन्ही कानांनी ऐकू आला तेव्हा कळलं. "अहो क्रॅबट्री, आमचा लेन फार जपून असतो. घरात वळताना हात दाखवून वळतो तो! आणि चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नाही, म्हणून चष्मा कधी विसरत नाही. एकदाच विसरला होता."

सदराचं शीर्षक झालं: 'आंधळा भाला'.

चौकशी होईपर्यंत

मग कौन्सिलचा हुकूम आला. चौकशी होईपर्यंत माझं काम बंद. दांडी आणि कोट कचेरीत आणून द्यावेत.

दांडी मोटारीत मावेना. शेवटी पुढच्या खिडकीतून टोक बाहेर काढून गेलो. वाटेत एका व्हॅनचा आरसा उडाला, एका गृहस्थांची टोपी गेली, आणि पुलावर मी वळलो तेव्हा माझ्यामागे अख्खं गाव खोळंबलं. व्हॅनवाला उतरला, आरसा उचलला आणि हसत म्हणाला, "होतं हो असं कधी कधी!" टोपीवाल्याने हात हलवला. 'क्लॅरियन'मध्ये एक ओळ आली नाही. मी मोटारीत होतो ना.

हे विनोदाने सांगतोय, पण घरी आल्यावर विनोद संपला. सकाळची वेळ झाली की मी खिडकीशी उभा राही. मुलं दप्तरं हलवत जात आणि आता प्रत्येकाचा हात कुणा ना कुणा आईबापाच्या हातात होता, आणि ते आईबाप मधोमध थांबून दोन्हीकडे शिव्या देत होते. मला शाळेसमोरच्या रस्त्याची खोड माहीत आहे. पोस्टाकडून येणारी गाडी वळण संपल्याशिवाय दिसत नाही. एक पिटुकली पॉपी आहे, ती कधीच सरळ चालत नाही, पांढऱ्या पट्ट्यांवरून लंगडी खेळत जाते, तिला वेळ द्यावा लागतो. हे कुणाला सांगू? चौकशीत कुणी पॉपीबद्दल विचारणार नव्हतं.

एके सकाळी ग्लेनिस जिना उतरून आली तर मी पॅसेजमध्ये केरसुणी उभी धरून हात पसरून उभा.

"आता काय?"

"मांजर जातंय," मी म्हणालो.

ती मांजर जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "लेन, काहीतरी करायला हवं," आणि मिसेस टॅपना फोन लावायला गेली.

क्रॅबट्रीचा सल्ला, मोफत

त्याच सकाळी रेडिओवर क्रॅबट्री म्हणत होता, "हातात पाटी धरून उभं राहायला काय अक्कल लागते, मंडळी? साधी नजर लागते! कुठलाही शहाणा मोटारवाला हे काम करेल."

"बेझिल," फोनवर एक शांत आवाज आला, "मी मिसेस अडेयेमी, शाळेतून. माझ्याकडे माणूस नाही. सोमवारी सकाळी येता?"

रेडिओवर शांतता पसरली. क्रॅबट्रीच्या कार्यक्रमात शांतता ही दुर्मीळ गोष्ट. ग्लेनिसने आवाज मोठा केला, नीट ऐकू यावी म्हणून.

तो आला, कौन्सिलने काढून दिलेली माझी दांडी आणि माझाच कोट घेऊन. मी झाडामागे उभा होतो, हे कबूल करतो. नगरपालिकेने लावलेलं झाड आहे, कुणीही मागे उभं राहू शकतं.

क्रॅबट्रीने पहिल्यांदा हात केला तो डावीकडच्या गाड्यांना, थांबा म्हणून. मग त्याला त्यांची दया आली आणि त्याने त्यांना जा म्हटलं. तेवढ्यात मुलं निघाली होती, म्हणून पुन्हा थांबा. उजवीकडच्यांना वाटलं, ते 'जा' आपल्याला होतं. एक पावाची गाडी आडवी झाली. पोस्टाच्या वळणावर बस अडकली. पॉपी लंगडी घालत मधोमध पोहोचली आणि तिथे तिला आठवलं की सुरुवात चुकली, म्हणून ती पहिल्यापासून खेळायला परत गेली. भोंगे सुरू झाले.

"हलव की पाय, आजोबा!"

"पाटी डोक्यात घाल!"

"ए पिवळ्या भोपळ्या! आम्हाला कामं आहेत!"

क्रॅबट्री ओरडला, "अहो, मी तुमचाच आहे! मी स्टिअरिंगमागून लिहितो!"

"मग जा की मागे!" ट्रेव्हर म्हणाला. आवाजावरून तो ट्रेव्हरच होता.

लॉलीपॉपवाल्याने ऑल्डरबी कोंडलं!
*('क्लॅरियन', पान पहिलं. फोटोत क्रॅबट्री, तोंड उघडं, पाटी उलटी)*

पत्रं येऊ लागली. लॉलीपॉपवाले कर भरत नाहीत. लॉलीपॉपवाले रस्त्याच्या मधोमध उभे राहतात. एका वाचकाने विचारलं होतं की यांना नंबर प्लेट का नसावी.

संध्याकाळी आमच्या दारावर टकटक झाली. क्रॅबट्री होता. आवाज बसलेला, एका पायाने लंगडत, कुणाच्या तरी दप्तराला अडखळून पडला होता म्हणे. ग्लेनिसने त्याला आत घेतलं आणि चहा दिला. माणसाने आपल्याला छापून बदनाम केलं म्हणून त्याला बिनचहाचा ठेवायचा अशी आमच्याकडे रीत नाही. केक मात्र तिने कपाटातच ठेवला.

"थ्वेट," तो कुजबुजला, "ते मला ओरडतात हो. मला!"

"काय ओरडतात?" ग्लेनिसने विचारलं.

"बाईमाणसासमोर सांगता येणार नाही."

"सांगा सांगा," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली.

त्याने सांगितलं. ग्लेनिस उठली आणि केक घेऊन आली.

"माझ्याच पेपरने, पहिल्या पानावर!" तो म्हणाला. "मी जेडला सांगितलं, पोरी, त्या गाड्या ऐकत नव्हत्या. ती म्हणाली, म्हणजे ताबा सुटला होता? थ्वेट, तुम्ही परत या. मी उद्या तिथे उभा राहणार नाही. मेलो तरी नाही."

"मला बंदी आहे," मी म्हणालो. "मी गुन्हा कबूल केलाय. तुमच्याच पहिल्या पानावर."

त्याने केकचा तुकडा खाली ठेवला. एवढा मोठा माणूस इतका लहान दिसताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगतो, मला मजा आली. मग लाज वाटली. मग पुन्हा मजा आली.

चौकशी

कौन्सिलच्या हिलरी स्टोक्सबाई टेबलाच्या पलीकडे बसल्या. अलीकडे मी, ग्लेनिस, आणि फुलांची टोपी घातलेल्या मिसेस टॅप. मागच्या खुर्चीवर क्रॅबट्री, आवाज नसल्यामुळे नुसती मान हलवायला.

"प्रश्न एकच आहे," स्टोक्सबाई म्हणाल्या. "चूक कुणाची?"

"माझी," मिसेस टॅप म्हणाल्या. "मी मागे न बघता दार उघडलं."

"नाही हो, माझीच," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. ग्लेनिसने टेबलाखाली माझ्या पायावर टाच ठेवली. "सॉरी," मी तिला म्हणालो.

"बघा! असं करतो हा!" मिसेस टॅप उसळल्या. "बाई, मला त्या दिवशीही बोलायला वाव दिला नाही याने. मी तोंड उघडत होते तोवर याचं तीनदा म्हणून झालं होतं. मग मी म्हणणार काय? इतके दिवस सगळ्या गावाला सांगत फिरतेय की दार माझं होतं. ती जेड म्हणाली, आजी, यात बातमी नाही. चर्चमध्ये सांगितलं तर पाद्री म्हणाले, किती मोठं मन तुमचं! अरे, मन कसलं मोठं? दार मोठं होतं!"

"पण दांडी मी बांधली होती," मी म्हणालो. "ती पुढे आली होती."

"गप्प बस रे बदका! चूक माझी आहे आणि ती मी कुणाला देणार नाही!"

स्टोक्सबाईंनी चष्मा काढला. "माझ्या सगळ्या नोकरीत," त्या थकून म्हणाल्या, "लोक इथे चूक दुसऱ्याची आहे म्हणून भांडलेत. चुकीसाठी झोंबाझोंबी मी पहिल्यांदा बघतेय. याला आमच्याकडे पद्धतच नाही." मग मागे वळून पाहिलं. "मिस्टर क्रॅबट्री, तुम्हाला काही म्हणायचंय?"

क्रॅबट्री उठला. त्याने तोंड उघडलं, पण हवाच आली. शेवटी त्याने लंगडत पुढे येऊन कोपऱ्यात ठेवलेली दांडी उचलली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, आणि एखादा जळता पलिता दुसऱ्याच्या हाती देऊन सुटका करून घ्यावी तशी माझ्या हातात कोंबली.

"हे नोंदवायचं कसं?" स्टोक्सबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी माझी बंदी उठवली आणि एवढीच अट घातली की दांडीला सायकलवर बसवायचं नाही. मला बसायला हरकत नव्हती. मिसेस अडेयेमींनी त्याच संध्याकाळी उंटाचं डोकं कापलं आणि दांडीसाठी कपाट मोकळं केलं. नाटकात तो झोपलेला दाखवणार आहेत.

क्रॅबट्रीचं शुक्रवारचं सदर आलं. सायकलवाल्यांबद्दलचं त्याचं मत तसूभर बदललेलं नव्हतं. फक्त शेवटी एक परिच्छेद होता, की शाळेसमोर भोंगा वाजवणाऱ्यांची गाडी जप्त करून ती मालकालाच ढकलत न्यायला लावावी. ट्रेव्हरने रागाने पेपर बंद केला असं ऐकतो.

सोमवारी सकाळी मी चर्च लेनवर उभा राहिलो. कोट धुऊन आला होता, आता तर तो स्वतःच उजेड पाडत होता. मुलं जमली. मी पोस्टाच्या वळणाकडे कान दिला, मग रस्त्यात उतरलो आणि दांडी रोवली. विटांचा ट्रक थांबला. बस थांबली. मोटारी थांबल्या. सायकलवर कामाला निघालेली एक नर्स थांबली. पॉपी पहिल्या पट्टीवरून निघाली, मधोमध आली, अडखळली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकलं."

"मग जा परत," मी म्हणालो. "मी आहे."

ती परत गेली. रांग पुलापर्यंत पोहोचली. एका मोटारीची काच खाली आली आणि एक तांबडंलाल डोकं बाहेर निघालं.

"ए पिवळ्या भोपळ्या! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

किती दिवस मला अनेकवचनात शिव्या पडत होत्या. तुम्ही सायकलवाले, तुम्ही लोक, तुमची जात. त्यात मी कुठेच नव्हतो. ही शिवी एकवचनी होती. मला पाहून, माझ्या कोटाला शोभेल अशी, हुद्द्याला धरून दिलेली. मी मान लववून ती घेतली, दांडी आणखी थोडी सरळ केली, आणि पॉपीला म्हणालो, "सावकाश हं. पहिल्यापासून."